आपला भोंगा आपण



चांगला नेम का मोडला असे विचारले, की 'हुरूप राहिला नाही' हे उत्तर मिळते. आम्हां कामगारांना हे उत्तर शोभत नाही. पहाटेच्या पाळीला जाण्याचा हुरूप आम्हांला कधी होता? भोंगा झाला, की आम्ही उठत होतो. गेटावर हजेरी होती. खाडा झाला, की मजुरी कापली जाई. मालकाच्या कामाला भोंगा आणि आपल्या कामाला मात्र मनाची लहर, हा कोठला न्याय?

नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली मुंबईत गिरणीकामगारांच्या सभा भरवून आठवड्याच्या सुटीची मागणी मांडली. ती मान्य झाली 10 जून 1890 रोजी. सभेतला उत्साह एका रात्रीचा. सहा वर्षांचे अंतर त्यावर तुटत नाही. लोखंडे 'दीनबंधु'चे संपादक होते. साप्ताहिक दर आठवड्याला काढावेच लागते, हुरूप असो वा नसो.

वारकऱ्याकडे पाहा. आषाढीची तिथी ठरलेली, दिंडी ठरलेली, सोबती ठरलेले. यंदा जावेसे वाटते काय, असे त्याला कोणी विचारीत नाही.

कामगार कायद्याचे वाचन आम्ही असेच टिकवले. वेळ पाळी सुटल्याबरोबरची, जागा चहाच्या दुकानातले बाकडे, सोबतीला तिघे. जेवून मग वाचू म्हटले, की पुस्तक उशाशीच राहते. दमलेल्या दिवशी एकच कलम वाचायचे, पण वाचायचे. एक खाडा झाला तर चर्चा नाही. दुसऱ्या दिवशी मात्र सोबती दारात उभा. ज्याला आपले आरोपपत्र वाचता येत नाही, त्याची भाकरी दुसऱ्याच्या हातात असते. त्या बाकड्यावरची सातवी-आठवी शिकलेली माणसे पुढे खात्याच्या चौकशीत साहेबासमोर बसून सहकाऱ्याची बाजू मांडू लागली.

हुरूप वाईट नव्हे. तो पाहुणा आहे. आला तर पाट मांडावा. पण त्याची वाट पाहत चूल थंड ठेवू नये.

मुंबईच्या बहुतेक गिरण्यांचे भोंगे आता कायमचे थांबले आहेत. कंत्राटावरच्या पोराला तर उद्याच्या कामाचाही भरवसा नाही. त्याला शिकणे, चार पैसे मागे टाकणे, संघटनेची वर्गणी भरणे यांची गरज आमच्याहून अधिक आहे. म्हणून आज घरी जाताना प्रत्येकाने एक काम, एक वेळ आणि एक सोबती ठरवावा. हाच आपला भोंगा.