शाळेचा जादा पैसा : मैदानासाठी आणि मागे राहिलेल्या मुलांसाठी

(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अशा प्रसंगी शिक्षणावर बोलायचे म्हटले की वक्ता "शिका" म्हणतो, टाळ्या होतात आणि आपण जेवायला बसतो. मी आज टाळ्यांऐवजी थोडा हिशेब मांडणार आहे. आपल्या जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेला मास्तरांच्या पगाराशिवाय वरून काही पैसा मिळतो. तो कशासाठी असतो, आणि तो मुलाच्या हातापर्यंत पोचतो की कपाटातच राहतो, एवढाच माझा विषय.

हिशेब मागायची रीत बाबासाहेबांनीच घालून दिली आहे. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदेमंडळात शिक्षणखर्चावर बोलताना त्यांनी आकडा ठेवला. शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी अठराच चौथीपर्यंत पोचतात, बाकीची ८२ पुन्हा निरक्षरांत जमा होतात. दारूच्या करातून सरकार लोकांकडून जेवढे घेते, निदान तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करावे, असे त्यांचे म्हणणे होते. आणि खेळाचे म्हणाल, तर १९२४ साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापूरला वसतिगृह काढले, मुंबईत मोफत वाचनालय चालवले आणि त्याच्याच जोडीला हॉकी क्लबही चालवला. वाचनालय आणि हॉकी एकाच सभेच्या खर्चात! आपण मात्र अजून पोराला म्हणतो, "खेळतोस काय, अभ्यास कर."

आता आजचे. २०१८ साली समग्र शिक्षा योजना आली. तिच्यात खेळाच्या साहित्यासाठी प्राथमिक शाळेला वर्षाला ५ हजारांपर्यंत आणि उच्च प्राथमिकला १० हजारांपर्यंत तरतूद ठेवली गेली. शिवाय शाळेचे संयुक्त अनुदान पटावर ठरते. तीसच्या वर आणि शंभरपर्यंत पट असेल तर साधारण २५ हजार, अडीचशेपर्यंत ५० हजार. त्यातला निदान दहावा हिस्सा स्वच्छतेवर घालायचा. खडू, दुरुस्ती, वीजबिल यातच हे अनुदान संपते, हे मास्तरांचे रडगाणे खोटे नाही. कधी रक्कम उशिरा येते आणि मार्चअखेर खर्चाची घाई होते. घाईत घेतलेल्या वस्तू कशा असतात ते तुम्हाला सांगायला नको.

पाच हजार म्हणजे फार नाही. पण कबड्डीला काय लागते? चुन्याची फक्की आणि सपाट जागा. खो-खोला दोन खांब. लगोरीला फुटकी कौले. मग पैसा चेंडूंवर, दोरीउड्यांच्या दोऱ्यांवर, लेझमांवर घालता येतो. मी एका शाळेत नवे कोरे चेंडू कपाटात कुलूपबंद पाहिले. विचारले तर म्हणे, "पोरं फोडतात, मग तपासणीला काय दाखवायचं?" अहो, फुटलेला चेंडू हाच तर खेळ झाल्याचा पुरावा!

दुसरा पैसा मागे राहिलेल्या मुलांचा. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या. त्या वर्षी पहिलीत नाव घातलेले मूल प्रत्यक्ष वर्गात बसले तेव्हा ते दुसरीत गेलेले होते. 'असर'च्या पाहणीत देशभरात तिसरीतल्या शंभर मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी २०१८ साली २७ होती, २०२२ मध्ये २० वर आली आणि २०२४ मध्ये पुन्हा २७ झाली. म्हणजे खड्डा बराचसा बुजला. पण बुजून आपण आलो कुठे? जिथे आधीही चारांतली तीन मुले अडखळतच होती, तिथे.

आपल्याकडे तर हा खड्डा रोगाच्या आधीपासूनचा. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत आईबाप पाळीवर जातात. कुणी उत्तर प्रदेशातून आलेला, कुणी बिहारमधून. घरी भोजपुरी, शाळेत मराठी. जव्हार-मोखाड्याची आदिवासी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, मुलेही सोबत जातात. अशी मुले एका वर्गात बसली तरी एका पायरीवर नसतात.

यावर उपाय ठाऊक आहे आणि तो महाग नाही. प्रत्येक मुलाला पाच मिनिटे समोर बसवायचे. अक्षर ओळखतो का, शब्द वाचतो का, उतारा, मग गोष्ट. आणि रोज एक तास तिसरी-चौथी-पाचवीची मुले इयत्तेप्रमाणे न बसवता वाचनाच्या पायरीप्रमाणे बसवायची. काही आठवड्यांनी पुन्हा तपासायचे. याला लागतात गोष्टींची पातळ पुस्तके, शब्दपट्ट्या आणि न चुकता तो एक तास. पण तो तास खेळाच्या तासातून कापू नका, हे माझे हात जोडून सांगणे आहे. ज्याला वाचता येत नाही त्याला शाळेत ओढून आणणारी एकच गोष्ट असते, मैदान. तेच काढून घेतले तर तो वाचनाच्या तासालाही येणार नाही.

कारखान्यांचेही सांगतो. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेपुढच्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर घालायचे आहेत. त्या यादीत शिक्षण आहे आणि ग्रामीण खेळांचे प्रशिक्षणही आहे. बहुतेक वेळा त्यातून भिंतीला रंग आणि दारावर नावाची पाटी येते, कारण आपण काही मागतच नाही. मैदान सपाट करून द्या, गोष्टींची दोनशे पुस्तके द्या, असे लेखी मागावे.

मागायचे कुणी? शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत पाऊणहिस्सा पालक आणि निम्म्या महिला असल्याच पाहिजेत. अनुदान कसे वापरले यावर लक्ष ठेवणे हे त्या समितीचे कामच आहे. आपल्या कितीतरी भगिनी सदस्य आहेत आणि घरी आलेल्या रजिस्टरवर सही करतात. यापुढे सही शाळेत बसून करा. साहित्याची साठा नोंदवही बघा. वेळापत्रकात खेळाचा तास कोणत्या वारी आहे ते बघा. आपले मूल कोणत्या पायरीवर आहे, मागच्या वेळी कुठे होते, हे विचारा. मास्तरांशी भांडायला जाऊ नका. चांगले मास्तर अशी विचारपूस होण्याची वाट बघत असतात.

कंपनीला द्यायच्या अर्जाचा एक नमुना मी लिहून आणला आहे. जेवण झाल्यावर मागच्या खोलीत बसतो, ज्यांना हवा त्यांनी उतरवून घ्यावा. जयभीम.