न घडलेल्याची खात्री

(यवतमाळ येथील हिवाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



“पाणी टायमावर आलं असतं तं कापूस झालाच असता.” वणीपासून उमरखेडपर्यंत दिवाळीनंतर कुठल्याही पारावर, कुठल्याही जिनिंगच्या फाटकाशी हे वाक्य कानावर पडतं. व्याकरणात याला संकेतार्थ म्हणतात. एक गोष्ट घडली नाही, म्हणून दुसरीही घडली नाही. कोरडवाहू कापसाच्या जिल्ह्यात हा अर्थ पुस्तकातून शिकावा लागत नाही. आज मला बोलायचंय ते या वाक्यातल्या एका अक्षराबद्दल, ‘झालाच’मधल्या ‘च’बद्दल.

‘झाला असता’, ‘झालाच असता’, ‘झालाही असता’. पहिल्यात नुसतं विधान आहे. दुसऱ्यात बोलणारा पैज लावून बोलतो. तिसऱ्यात तो शक्यता मोकळी ठेवतो. शाळेत आपण यांना शुद्ध शब्दयोगी अव्ययं म्हणतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. पण ती बसलीत कुठे, ते बघा. ‘झाला’ आणि ‘असता’ यांच्या बरोबर सांध्यात, क्रियापदाच्या पोटात. घडून न गेलेल्या गोष्टीबद्दल आपल्याला किती खात्री आहे, हे आपली भाषा तिथे सांगते.

आता इंग्रजीच्या तासाला चला. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. दहावीतली बरीच मुलं ‘द क्रॉप वुड हॅव सर्व्हाइव्हड’ बिनचूक लिहितात. त्यात ‘बहुतेक’ घाला म्हटलं, की पेन थांबतं. कुणी ‘प्रॉबेब्ली’ वाक्याच्या तोंडाशी लिहितं, कुणी शेवटी चिकटवतं. तोंडाशी लिहिलं तर चुकत नाही, शेवटी लिहिलं तर मागाहून सुचल्यासारखं वाटतं. पण मध्ये घालायला मुलं धजत नाहीत, कारण ‘वुड हॅव’ हे त्यांनी सूत्र म्हणून घोकलेलं असतं आणि सूत्र तोडायचं नसतं. इंग्रजीत मात्र त्या शब्दाची हक्काची जागा तीच आहे: ‘वुड प्रॉबेब्ली हॅव सर्व्हाइव्हड’. पहिल्या सहायक क्रियापदाच्या लगेच नंतर. ‘वुड नॉट हॅव’ म्हणताना मुलं हे सूत्र रोज तोडतातच की!

ही भीती फक्त आपल्या मुलांची नाही. सहायक क्रियापद आणि मुख्य क्रियापद यांच्यात क्रियाविशेषण येऊ देऊ नये, असा समज खुद्द इंग्रजी लिहिणाऱ्यांत मुरलेला होता. कोशकार फाउलर यांनी १९२६ च्या आपल्या इंग्रजी वापराच्या कोशात त्याचा समाचार घेतला, तरी तो गेला नाही. २० जानेवारी २००९ ला ओबामा अमेरिकेच्या अध्यक्षपदाची शपथ घेत होते. घटनेतल्या शब्दांत ‘फेथफुली’ हे ‘विल’ आणि ‘एक्झिक्यूट’ यांच्या मध्ये आहे. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी ते उचलून वाक्याच्या शेवटी नेलं. ओबामा अडखळले आणि दुसऱ्या दिवशी शपथ पुन्हा द्यावी लागली. स्टीव्हन पिंकर या भाषाशास्त्रज्ञाने याचं मूळ त्याच जुन्या समजात शोधलं. मला त्यांचं म्हणणं पटतं.

नकार आला की जागेला आणखी वजन येतं. ‘वाचलाच नसता’ आणि ‘वाचलाच असता असं नाही’ यांत केवढं अंतर आहे! पहिल्यात आशा संपली, दुसऱ्यात थोडी शिल्लक आहे. इंग्रजीत पहिलं ‘सर्टनली वुड नॉट हॅव सर्व्हाइव्हड’, दुसरं ‘वुड नॉट नेसेसरिली हॅव सर्व्हाइव्हड’. खात्रीचा शब्द ‘नॉट’च्या अलीकडे की पलीकडे, एवढ्यावर अर्थ फिरतो. रीत किंवा प्रमाण सांगणारी क्रियाविशेषणं मात्र आत सरकतात, कृदंताला जाऊन भिडतात. ‘द क्रॉप वुड प्रॉबेब्ली हॅव बीन बॅडली डॅमेज्ड.’ ‘प्रॉबेब्ली’ बोलणाऱ्याच्या मनाचं आहे, ‘बॅडली’ पिकाच्या अवस्थेचं. यांची अदलाबदल केली की वाक्य कोसळतं.

हा विषय परीक्षेतल्या गुणांपुरता असता, तर मी तो या व्यासपीठावर आणला नसता. २०१७ च्या पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यात काय झालं, ते इथे कुणाला सांगायला नको. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो जणांना दवाखान्यात दाखल करावं लागलं. पऱ्हाटी छातीच्या वर गेली होती, फवारा तोंडावर येत होता, अंगावर साधा मास्क नव्हता. पुढे २०२० मध्ये इथल्या ५१ शेतकऱ्यांची कीटकनाशक कंपनीविरुद्धची तक्रार स्वित्झर्लंडपर्यंत गेली. तिथे पारावरची बोली चालत नाही. ‘मास्क असता तर माणूस वाचला असता’ हे वाक्य तिथे इंग्रजीत ठेवावं लागतं आणि समोरचा लगेच विचारतो, नक्की की कदाचित? ‘वुड सर्टनली हॅव’ म्हणणारा कारणाची पूर्ण जबाबदारी घेतो. ‘वुड प्रॉबेब्ली हॅव’ म्हणणारा पुराव्याइतकंच बोलतो. ‘माइट हॅव’वर थांबणारा समोरच्याला सुटायला वाट ठेवतो. ‘कुड ईझिली हॅव बीन प्रिव्हेंटेड’ म्हणजे हे सहज टाळता आलं असतं. एवढा ‘ईझिली’ गाळला तरी वाक्य शुद्धच राहतं, पण त्यातला ठपका निघून जातो.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की, आपल्या जिल्ह्यातल्या पोरांनी क्रियाविशेषणाची जागा मार्गदर्शकातल्या नियमावरून शिकू नये. ‘च’ आणि ‘ही’ त्यांच्या जिभेवर आधीपासून आहेत. जोडक्रियापद उघडून त्यात आपली खात्री ठेवायची रीत त्यांना घरातच मिळालेली आहे. तीच रीत इंग्रजीत न्यायची आहे. जागा सापडायला त्यांना वेळ लागणार नाही.

इथे बसलेल्या शिक्षकांना माझी विनंती आहे. ‘जर-तर’चा धडा घ्याल तेव्हा पुस्तकातली आगगाडी आणि स्टेशन बाजूला ठेवा. बोंडअळीचं, पाण्याचं, फवारणीचं वाक्य मुलांकडून घ्या. ते आधी ‘च’ लावून, मग ‘ही’ लावून फळ्यावर लिहा आणि त्याखाली इंग्रजी मांडा. आणि झरी-जामणीत, पांढरकवड्यात, पुसदच्या तांड्यांवर ज्या मुलांच्या घरी कोलामी, गोंडी किंवा बंजारा बोलली जाते, त्यांना त्यांच्या बोलीत हे कसं म्हणतात ते विचारा आणि तेही त्याच फळ्यावर लिहून घ्या.