शहराच्या मध्यावर हक्क कोणाचा?



उत्तर अमेरिकेतील महानगरांचा विषय निघाला, की गगनचुंबी इमारतींचे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. डेट्रॉइट, टोरँटो, व्हँकुव्हर आणि मेक्सिको सिटी या चारही शहरांत अशा इमारती आहेत. परंतु शहराच्या मध्यभागाची पारख इमारतींच्या उंचीवरून करता येत नाही. तेथे वर्षानुवर्षे राहिलेल्या कष्टकरी माणसाला उद्याही तेथेच राहता येईल काय, हा खरा प्रश्न आहे. या एका कसोटीला ही चार शहरे लावून पाहिली, तर त्यांची अगदी निराळी रूपे दिसू लागतात.

१९५० साली डेट्रॉइटची लोकसंख्या साडेअठरा लाख होती. २०२० च्या जनगणनेत ती सहा लाख चाळीस हजारांच्याही खाली गेली. मोटारधंदा बसला म्हणून शहर बसले, असे सांगितले जाते. ते अर्धसत्य आहे. १९७० नंतरच्या तेलटंचाईने आणि जपानी मोटारींनी त्या धंद्याला हादरे देण्यापूर्वीच हे शहर पोखरले गेले होते. १९३० नंतरच्या दशकात केंद्र सरकारच्या यंत्रणेने शहरांचे नकाशे तयार केले आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्या त्यांत तांबड्या रंगाने रंगवल्या. तांबडा रंग म्हणजे कर्ज देण्यास धोक्याची जागा. उपनगरांतील गौरवर्णीयांच्या घरकर्जांना सरकारी हमी मिळाली. या वस्त्यांना ती नाकारण्यात आली. पुढे १९४९ च्या गृहनिर्माण कायद्याने जुन्या वस्त्या पाडण्यासाठी पैसा दिला, तर १९५६ च्या महामार्ग कायद्याने आंतरराज्य रस्त्यांचा नव्वद टक्के खर्च केंद्राने उचलला. ब्लॅक बॉटम ही डेट्रॉइटची जुनी कृष्णवर्णीय वस्ती या दोन कायद्यांच्या कात्रीत सापडली. हेस्टिंग्ज स्ट्रीट हा तिचा गजबजलेला बाजाररस्ता होता. तेथे दुकाने, उपाहारगृहे, संगीतगृहे होती. त्याच्या जागी मोटारींसाठी खोल खणलेला महामार्ग आला. उठवले गेलेले लोक बहुतांशी भाडेकरू होते. त्यांचे पुढे काय होणार, याची पर्वा आराखडे करणाऱ्यांनी केली नाही. जुलै १९६७ मध्ये असंतोषाचा भडका उडाला आणि ४३ माणसे मरण पावली. आधीच सुरू झालेले गौरवर्णीयांचे स्थलांतर त्यानंतर अधिकच वेगाने होऊ लागले. उपनगरांच्या नगरपालिका स्वतंत्र असल्यामुळे संपत्तीबरोबर करही शहराबाहेर गेला. गरिबी तेवढी मागे राहिली. जुलै २०१३ मध्ये या नगरपालिकेने दिवाळखोरीचा अर्ज केला.

हे सारे अटळ होते काय? डेट्रॉइटपासून मोटारीने चार-पाच तासांच्या अंतरावर असलेले टोरँटो या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी देते. १९५४ मध्ये टोरँटो शहर आणि भोवतालच्या बारा नगरपालिका यांचे संयुक्त महानगर शासन अस्तित्वात आले. पाणी, सांडपाणी, वाहतूक आणि शाळा यांचा बोजा सर्वांनी मिळून वाहावा, असे ठरले. उपनगरात गेलेल्या माणसाला शहराची जबाबदारी झटकून टाकता आली नाही. पुढे मध्यवस्तीत घुसणाऱ्या स्पॅडायना महामार्गाविरुद्ध नागरिक उभे राहिले. न्यूयॉर्कमध्ये अशाच महामार्गाशी झुंजलेल्या आणि १९६८ मध्ये टोरँटोला राहावयास आलेल्या जेन जेकब्ज या आंदोलनात होत्या. काम बरेच पुढे गेले असतानाही जून १९७१ मध्ये प्रांतिक सरकारला तो रस्ता थांबवावा लागला.

मात्र कॅनडातील माणसे जात्याच अधिक न्यायी आहेत, असा निष्कर्ष कोणी काढू नये. व्हँकुव्हरने आपली छोटीशी कृष्णवर्णीय वस्ती, होगन्स ॲली, उड्डाणपुलांसाठी जमीनदोस्त केली. शेजारच्या चिनी वस्तीने संघटित होऊन विरोध केला, म्हणूनच महामार्गाची उरलेली योजना बारगळली. परंतु खरा बोध त्याच शहरातील फॉल्स क्रीक या खाडीचे दोन काठ देतात. दक्षिण काठावरील कारखान्यांची जमीन १९७० नंतरच्या दशकात नगरपालिकेने स्वतःच्या मालकीत ठेवली, दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिली आणि सहकारी संस्थांच्या घरांत निरनिराळ्या उत्पन्नगटांची कुटुंबे एकत्र वसवली. उत्तर काठावर १९८६ चे जागतिक प्रदर्शन भरले. पाहुण्यांसाठी खोल्या मोकळ्या करण्याकरिता जवळच्या स्वस्त लॉजांतून शेकडो गरीब भाडेकरूंना बाहेर काढण्यात आले. १९८८ मध्ये प्रांतिक सरकारने ती सारी जमीन हाँगकाँगच्या एका धनाढ्याला विकून टाकली. आज तेथे काचेचे मनोरे आणि पाण्याकाठच्या देखण्या पाऊलवाटा आहेत. परंतु कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी राखलेले काही भूखंड वर्षानुवर्षे रिकामे पडून राहिले. म्हणजे महामार्ग अडवून वस्ती वाचते. पण जमीन बाजारात मोकळी सोडली, तर रस्त्याने जे केले नाही ते जमिनीचा भाव करून दाखवतो.

मेक्सिको सिटीच्या मध्यभागी अंगणाभोवती खोल्या असलेल्या जुन्या वाड्यांत कष्टकरी कुटुंबे राहत. १९४० नंतरच्या दशकात अनेकांची भाडी कायद्याने गोठवली गेली होती. नफा नाही म्हणून मालक डागडुजी करीत नसत. १९ सप्टेंबर १९८५ च्या भूकंपात हे वाडे कोसळले, तेव्हा जागा मोकळी झाल्याचा आनंद कित्येक मालकांना झाला असेल. परंतु भाडेकरू हटले नाहीत. ढिगाऱ्यांसमोर रस्त्यावर तंबू ठोकून ते संघटित झाले. ऑक्टोबरमध्ये सरकारला हजारो मालमत्ता ताब्यात घ्याव्या लागल्या आणि त्यानंतरच्या दोनेक वर्षांत चाळीस हजारांहून अधिक घरे बहुतांशी जुन्याच जागी, जुन्याच रहिवाशांसाठी उभी राहिली. वस्ती पडूनही माणसे उठली नाहीत, हे या लढ्याचे मोठेपण. परंतु ही घरे खाजगी मालकीची झाली, म्हणजे पुढे विकताही येऊ लागली. नव्या शतकात देशातील सर्वांत श्रीमंत भांडवलदाराने त्याच ऐतिहासिक भागातील इमारती खरेदी केल्या.

चार शहरांच्या अनुभवातून तीन गोष्टी हाती लागतात. श्रीमंत उपनगराला कराच्या जबाबदारीतून सुटू देता कामा नये. पाडापाडी थोपविण्याचे सामर्थ्य आराखड्यात नसते, ते रहिवाशांच्या संघटनेत असते. आणि जिंकलेली जमीन समाजाच्या मालकीत राहिली नाही, तर एका पिढीने मिळवलेले दुसऱ्या पिढीच्या हातून निसटते. फॉल्स क्रीकच्या दक्षिण काठावरील भाडेपट्टे २०३६ नंतरच्या दहा वर्षांत संपायचे आहेत. त्यांचे काय करायचे, हा वाद तेथे अटळ आहे. पण जमीन नगरपालिकेची असल्यामुळे तो सभागृहात, लोकांसमोर करावा लागेल. उत्तर काठावरच्या माणसांना तेवढीही संधी उरलेली नाही.