कोपरापासून ओट्यापर्यंत

(गणेशोत्सवातील कार्यक्रमात केलेले भाषण)



समितीचा निरोप आला तेव्हा विषय सांगितला होता ‘गृहसजावट’. तेव्हाच मी म्हटलं, मी घरं सजवत नाही, ती सजवायला शिकवते. इथे भिलाईत इंटिरियर डिझाईनचे पहिले धडे देता देता माझी बावीस वर्षं गेली. वर्गात मुलीच जास्त, अलीकडे दोन-चार मुलगेही येतात. तेव्हा सोफ्यावर कोणत्या रंगाची खोळ शोभेल हे ऐकायला आलेल्या भगिनींची आज थोडी निराशा होणार आहे, ती त्यांनी पोटात घालावी.

पुस्तकात या विषयाची मूलतत्त्वं दिलेली असतात. रेषा, आकार, अवकाश, रंग, पोत, प्रकाश. त्यानंतर समतोल, प्रमाण, लय वगैरे. मुलं ती एका रात्रीत पाठ करतात आणि गुणही मिळवतात. पण त्याच मुलांना एका खोलीत उभं करून विचारा, इथे काय खटकतंय? उत्तर ठरलेलं, “मैडम, फॉल्स सीलिंग नहीं है.”

म्हणून पहिल्या दिवशी मी वही उघडू देत नाही. प्रत्येकीच्या हातात टेप देते आणि सांगते, घरी जा, आईला उभं करा, तिच्या कोपरापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा, मग स्वयंपाकाचा ओटा मोजा. उभ्याने काम करायचं तर ओटा कोपराच्या साधारण १० ते १५ सेंटिमीटर खाली असावा, म्हणजे खांदे उचलावे लागत नाहीत आणि वाकावंही लागत नाही.

एका वर्षी एक मुलगी आकडे घेऊन आली. आईचं कोपर ९०, ओटा ८६. मी विचारलं, मग आई पोळ्या कशा लाटते? ती म्हणाली, “पाटावर उभी राहते ना!” पाट कधीपासून आहे? “पहिल्यापासून.” मुलगी एकोणीस वर्षांची, म्हणजे निदान तितकी वर्षं तिची आई पाटावर चढून लाटत होती आणि गॅसकडे जाताना उतरत होती. घरात कुणाला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं, खुद्द आईलाही नाही. क्वार्टर कंपनीचं, ओटा फोडता येत नाही. शेवटी मुलीनेच आपलं जुनं अभ्यासाचं टेबल मोजलं, ते ७६ निघालं. ते स्वयंपाकघरात गेलं, पाट देवघरात गेला. खर्च शून्य. ‘प्रमाण’ या तत्त्वावर मी तासभर बोलले असते तरी इतकं समजलं नसतं.

मापाचं हे वेड माझ्या पदरचं नाही. १९२६ साली जर्मनीत फ्रँकफुर्टला कामगारांसाठी घरं बांधली जात होती. त्यांची स्वयंपाकघरं मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की नावाच्या एका तरुण वास्तुविशारद बाईने आखली. सुमारे १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब, बस्स. कोणत्या कामाला किती पावलं, किती वेळ, हे मोजून तिने ओटा, फळ्या, बसून काम करायचं स्टूल, पुढे-मागे सरकणारा दिवा असं सगळं बसवलं. अशी दहा हजारांच्या आसपास स्वयंपाकघरं तयार झाली. गंमत म्हणजे, त्याआधी आपण स्वतः कधी स्वयंपाक केला नव्हता, असं या बाईंनीच पुढे सांगितलं आहे! न येणाऱ्या कामाकडे माणूस जास्त बारकाईने बघतो की काय, कोण जाणे. १९३० मध्ये ही बाई सोव्हिएत रशियात गेली, आणि ज्या गटाबरोबर गेली त्याच्याकडे मॅग्निटोगोर्स्क या पोलादनगरीच्या आराखड्याचं काम होतं. आपलं भिलाईही रशियाच्याच सहकार्याने उभं राहिलेलं. १९५५ चा करार, आणि ४ फेब्रुवारी १९५९ ला पहिल्या धमन भट्टीचं उद्घाटन. त्या बाईचा आणि आपल्या क्वार्टरचा थेट संबंध आहे असं मी म्हणत नाही. पण पोलाद गाळणाऱ्या गावात स्वयंपाकघराचाही विचार करावा लागतो, एवढं मुलांच्या मनात राहतं.

आपल्या गावात घरांची आणखी एक गोष्ट आहे. सेक्टरमधला माणूस तीस-पस्तीस वर्षं एका घरात राहतो, अंगणात आंबा लावतो, मुलांची लग्नं करतो, आणि निवृत्त झाला की किल्ली परत करतो. ‘अवकाश’ शिकवताना मी एकास पन्नास मापाने खोल्यांचे नकाशे काढायला लावते. पुठ्ठ्याचे पलंग, कपाटं, टेबलं त्याच मापाने कापायची आणि नकाशावर सरकवून बघायची. एका मुलीचे वडील त्याच वर्षी निवृत्त होणार होते. घेतलेला फ्लॅट क्वार्टरहून लहान होता. घरात या विषयावर कुणी बोलत नव्हतं, बाबा तर मुळीच नाही. तिने नकाशा जमिनीवर पसरला आणि पुठ्ठ्याचं सामान मांडायला लागली. आई बसली, धाकटा भाऊ बसला. बाबा खुर्चीतून बघत होते. थोड्या वेळाने ते खाली येऊन बसले, पुठ्ठ्याचा पलंग उचलून खिडकीशी ठेवला आणि म्हणाले, “मला सकाळी उजेड लागतो.” मुलगी मला म्हणाली, घर सोडण्याबद्दल ते पहिल्यांदाच काही बोलले. शिशमचं मोठं कपाट फ्लॅटमध्ये मावत नव्हतं. ते कुणाला द्यायचं, हेही त्याच रात्री ठरलं.

रंग आणि प्रकाश मी बुटांच्या खोक्यात शिकवते. एका बाजूला खिडकी कापायची, आत रंगीत कागद लावायचे, टॉर्च मारायचा आणि भोकातून बघायचं. छत गडद केलं की खोली बुटकी होते. समोरची भिंत गडद केली की ती जवळ येते. तोच पिवळा रंग सकाळच्या बाजूला गोड आणि पश्चिमेच्या खिडकीशी मे महिन्यात अंगावर येणारा. पारा ४५ च्या घरात गेलेल्या दुपारी पश्चिमेच्या भिंतीला केशरी रंग लावणाऱ्याला मी गुण देत नाही, मग त्याचं चित्र कितीही सुरेख असो.

आता माझी स्वतःची चूक सांगते. दरवर्षी वर्गात सांगते, आज इथे सांगते.

आमच्या सासूबाई सत्तरी ओलांडल्यावर आमच्याकडे राहायला आल्या. मी त्यांची खोली मोठ्या हौसेने केली. भिंती क्रीम, पडदे क्रीम, चादर क्रीम, दारही क्रीम आणि खाली चकचकीत क्रीम फरशी. येणारा प्रत्येक जण म्हणायचा, किती शांत वाटतं! मला वाटायचं, झालं, आपली विद्या घरात कामी आली. सासूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. त्या शांत खोलीत त्यांना पलंगाची कड आणि जमीन वेगळी दिसतच नव्हती. एका पहाटे कडेचा अंदाज चुकला, त्या पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं.

‘विरोध’, म्हणजे दोन गोष्टींतला ठळक फरक, हे तत्त्व मी तेव्हा आठ वर्षं शिकवत होते. फळ्यावर काळ्याशेजारी पांढरं काढून दाखवत होते.

ऑपरेशन होऊन त्या घरी आल्यावर त्यांनी माझ्याकडे एकच मागितलं. त्यांच्या जुन्या लुगड्याचा लाल काठ. तो त्यांनी पलंगाच्या कडेला सगळीकडून टाचून घेतला, उरलेला दाराच्या कडीला बांधला. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढे त्या चार वर्षं त्या खोलीत राहिल्या, काठाला हात लावून उठायच्या.

मुलं विचारतात, घर सुंदर करणारं आपल्या बाजूचं कुणी आहे का? तेव्हा मी सोनाबाई रजवार यांच्या घराची छायाचित्रं दाखवते. आपल्याच छत्तीसगढच्या सरगुजा जिल्ह्यातलं पुहपुत्रा गाव. घरात वर्षानुवर्षं एकटेपण, बोलायला कुणी नाही, आणि लहान मुलाला खेळणी हवीत. बाईने मातीची खेळणी केली, मग भिंतींवर माणसं, पक्षी, प्राणी उठवले. बांबूच्या कामट्या वाकवून, बांधून, वर माती लिंपून जाळ्या केल्या. त्या जाळ्यांतून ऊन गाळून येतं, वारा येतो आणि जमिनीवर सावल्यांची नक्षी पडते. रेषा, पोत, प्रकाश, सगळं एका भिंतीत. १९८३ च्या सुमारास भोपाळच्या भारत भवनाची माणसं तिथे पोहोचली आणि मग जगाला कळलं. २००७ मध्ये त्या गेल्या. छायाचित्रं बघून एका मुलाने विचारलं होतं, “मैडम, बजट कितना था?” वर्ग हसला. मला तो प्रश्न वाईट वाटला नाही. आम्ही हिशेब मांडून बघितला. माती, बांबू, शेण, रंगीत माती. मजुरीच्या रकान्यात काय लिहावं, ते मात्र वर्गात कुणालाच सुचलं नाही.

आणि बाप्पा आले आहेत म्हणून मखराबद्दल दोन शब्द. हा आमच्या वर्गाचा शेवटचा अभ्यास असतो. महाराष्ट्रात २०१८ पासून थर्माकोलला बंदी आहे, आम्ही आधीपासूनच पुठ्ठा, बांबू आणि जुन्या साड्या वापरतो. लोक मूर्तीमागे झगमगते दिवे लावतात आणि मग फोटोत बाप्पाचा चेहरा काळा येतो. दिवा पुढून, थोडा बाजूने आणि वरून असावा. मागचा पडदा एकरंगी असावा, म्हणजे नजर मूर्तीवर टिकते. आणि उंची ठरवताना आरतीला उभ्या राहणाऱ्यांबरोबर खाली बसणाऱ्या आजीच्या आणि लहानग्याच्या डोळ्यांतूनही एकदा बघा. मी मुलांना अक्षरशः जमिनीवर बसवून बघायला लावते.

बरंच बोलले. समितीच्या मंडळींना जाता जाता एक विनंती. मगापासून बघते आहे, डाव्या खांबावरचा तो हॅलोजन तिसऱ्या रांगेतल्या आजींच्या थेट डोळ्यांवर येतो आहे, त्या सारख्या पदर आडवा धरताहेत. कुणीतरी तो जरा कनातीकडे वळवा.