पुरांत गेलेल्या मोटारीचा हिशेब

नाशिकचा माणूस गोदावरीचा पूर फुटांत मोजीत नाहीं; तो दुतोंड्या मारुतीच्या अंगावर मोजतो. पाणी गुडघ्याला लागलें, कमरेशीं आलें, गळ्यापर्यंत चढलें, ही बातमी घटकाभरांत पंचवटीपासून नाशिकरोडपर्यंत जाते. गंगापूर धरणांतून पाणी सोडल्याचें कळतांच गोदाघाटावरचे दुकानदार माल हलवूं लागतात. अडकतो तो घाटाजवळ मोटार उभी करून बाजाराला गेलेला गृहस्थ. २००८, २०१६ आणि २०१९ या सालीं गोदावरीला मोठे पूर आले. इतर नाशिककर त्यांची आठवण पाण्याच्या उंचीनें सांगतात. पण ज्याची मोटार अशा पाण्याखालीं जाते, त्याची कथा पाणी ओसरल्यावर सुरू होते आणि पुढें कित्येक महिने विमा कंपनीच्या पत्रव्यवहारांत चालते.

त्या पत्रव्यवहारांतली पहिली चूक पत्र लिहिण्यापूर्वींच होऊन बसते. गाडी चालू होते कीं नाहीं हें पाहण्यासाठीं मालक किल्ली फिरवितो. इंजिनांत शिरलेलें पाणी हवेसारखें दाबलें जात नाहीं. दट्ट्या त्यावर आदळतो आणि त्याचा दांडा वाकतो. मग कंपनी म्हणते, गाडी पुरानें भिजली खरी, पण इंजिन मोडलें तें मालकाच्या हातानें. आणि इंजिनासाठीं वेगळें जादा संरक्षण घेतलेलें नसेल, तर तो खर्च बाजूला काढण्याकडे तिचा कल असतो. गाडी जशी सांपडली तशींच तिचीं छायाचित्रें घ्यावीं, कंपनीला त्याच दिवशीं कळवावें आणि गाडी ओढून न्यावी.

दुसरा धक्का कपाटांतून पॉलिसी काढल्यावर बसतो. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यानें सक्तीचा केला तो परक्या माणसाच्या नुकसानीचा विमा. १९८८ च्या कायद्यांतही सक्ती तेवढीच राहिली. स्वतःच्या मोटारीचा विमा उतरणें मालकाच्या इच्छेवर आहे. केवळ सक्तीपुरती स्वस्त पॉलिसी घेणाऱ्यास पुरानंतर घासाघीस करावयास जागाच उरत नाहीं.

ज्याच्यापाशीं संपूर्ण पॉलिसी आहे, त्यानें तिच्यांतला एक आकडा शोधावा. विमेदारानें जाहीर केलेली किंमत असें त्याचें नांव. व्यवहारांत सारे त्याला आय.डी.व्ही. म्हणतात. कारखानदाराच्या जाहीर विक्री-किंमतींतून गाडीच्या वयाप्रमाणें घट वजा करून ही किंमत निघते. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पांचपर्यंत ५ नव्हे, ५० टक्के. ही शेवटची पायरी ऐकूनच पुष्कळांचा जीव खालींवर होतो. त्यापुढें कोष्टक संपतें, आणि मालकानें व कंपनीनें आपसांत किंमत ठरवावयाची असते. पुष्कळांचें नुकसान पुरानें नव्हे, तर याच वेळीं होतें. हप्ता थोडा उतरावा म्हणून विमा नव्यानें उतरवितांना किंमत कमी लिहूं दिली जाते. त्या दिवशीं वांचतात ते थोडे रुपये, आणि पुढें जातात ते हजारांनीं.

समजा, कंपनीच्या यादींत दहा लाखांची असलेली मोटार विमा उतरवितांना सवातीन वर्षांची होती. चाळीस टक्के गेले, आय.डी.व्ही. झाली सहा लाख. गाडी ओढून आणण्याचा व दुरुस्तीचा खर्च मिळून या किंमतीच्या ७५ टक्क्यांहून अधिक झाला, तर गाडी पूर्ण नुकसानींत धरली जाते. येथें ती रेघ साडेचार लाखांवर पडते. दुरुस्तीचा अंदाज चार लाख चाळीस हजारांचा आला, तर कंपनी दुरुस्ती करावयास सांगते. आणि दुरुस्तींत रबर व प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के, काचतंतूच्या भागांवर ३० टक्के आणि लोखंडी भागांवर वयाप्रमाणें घट कापली जाते. घटमाफीचें जादा संरक्षण नसेल, तर ती रक्कम मालकाच्या खिशांतून जाते, आणि चिखल खाल्लेल्या तारांची ती गाडी पुन्हां त्याच्याच दारांत येते. म्हणून खरी झुंज या रेघेपाशीं होते. गॅरेजवाल्यानें गाडी पुरती उघडल्याखेरीज अंदाज देऊं नये. आसनांखालचीं विजेचीं यंत्रें, तारांचे जुडगे आणि ओढण्याचा खर्च हीं सर्व कलमें कागदावर आलीं पाहिजेत.

पाहणीला येणारा सर्व्हेअर कंपनी नेमते, पण त्याचा परवाना विमा नियामक प्राधिकरणाचा असतो. प्राधिकरणाच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणें सूचना मिळाल्यापासून चोवीस तासांत त्याची नेमणूक, पंधरा दिवसांत त्याचा अहवाल आणि अहवालानंतर सात दिवसांत कंपनीचा निर्णय व्हावयास पाहिजे. अहवालाची प्रत मालकानें लेखी मागावी. हा अहवाल म्हणजे शेवटचा शब्द नव्हे, असें सर्वोच्च न्यायालयानें २००९ मध्यें स्पष्ट म्हटलें आहे.

कंपनीकडून ऐकूं येणारें नेहमींचें वाक्य असें कीं, बाजारांत आज या गाडीला एवढी किंमत नाहीं. याचें उत्तर पॉलिसींतच छापलेलें असतें: पूर्ण नुकसानीच्या दाव्यांत आय.डी.व्ही. हीच सबंध मुदतीची बाजारभावाची किंमत समजावयाची, आणखी घट कापावयाची नाहीं. २००८ मध्यें सर्वोच्च न्यायालयापुढें अशीच एक मोटार आली होती. कंपनीनें तिचा विमा ३,५४,००० रुपयांचा उतरून त्यावर हप्ता घेतला. सात महिन्यांनीं अपघात झाला, तेव्हां भरपाई मात्र १,८०,००० देऊं केली. जी किंमत धरून हप्ता घेतला ती नाकारतां येणार नाहीं, असें न्यायालयानें ठरविलें. मधल्या सात महिन्यांपोटीं दहा हजार तेवढे वजा केले.

याहून सूक्ष्म पेंच मोडीचा. सांगाडा मालकानें ठेवावा आणि त्याची किंमत वजा जातां उरलेले पैसे घ्यावे, अशी सूचना येते. सहा लाखांतून दीड लाख वजा होऊन साडेचार लाख हातीं येतात, त्यांतून पॉलिसींतली सक्तीची कपात जाते ती वेगळीच. पण अंबडचा मोडवाला तोच सांगाडा एक लाख दहा हजारांना मागतो, आणि चाळीस हजारांची खोट मालकाच्या माथीं बसते. दीड लाख देणारा कोण, त्याचा लेखी देकार कोठें आहे, हें विचारावें. आणि तो ग्राहक खरा असेल तर कंपनीनेंच त्याला सांगाडा विकावा, असें शांतपणें लिहावें. गाडीवर कर्ज असल्यास पैसे आधीं बँकेकडे जातात, याचाही घरांत हिशेब झालेला बरा.

पावतीवर ‘संपूर्ण व अंतिम भरपाई पावली’ असें छापलेलें असतें, आणि बँकेचे हप्ते चालू असलेला माणूस घाईनें सही करून मोकळा होतो. फसवून किंवा दडपणानें घेतलेली सही मालकाचा हक्क बुडवीत नाहीं, असा १९९९ चा निर्णय आहे. परंतु दडपण सिद्ध करीत बसण्यापेक्षां सहीशेजारीं ‘हरकत राखून’ हे दोन शब्द लिहिणें सोपें.

एवढ्यानें न भागल्यास कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यास पत्र द्यावें. महिनाभरांत समाधान न झाल्यास नाशिककरासाठीं विमा लोकपालाचें कार्यालय पुण्यास आहे. तेथें शुल्क नाहीं, वकील चालत नाहीं, आणि पन्नास लाखांपर्यंतचे दावे ऐकले जातात. निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तक्रारदारावर नसतो. मात्र कंपनीच्या नकारापासून वर्षाच्या आंत तेथें जावें लागतें. दुसरा मार्ग नाशिकच्याच जिल्हा ग्राहक आयोगाचा, आणि त्याची मुदत दोन वर्षांची. एकच भांडण दोन्हीकडे एकदम चालवितां येत नाहीं. रक्कम साधी आणि कागद स्वच्छ असतील तर पुणें बरें. साक्षीपुरावा गुंतागुंतीचा असेल तर आयोग.

पैसे हातीं आल्यावर सांगाडा ओढून नेला जातो आणि मालक ती गोष्ट विसरूं पाहतो. पण गाडी मोडीत निघाल्याचें चौदा दिवसांच्या आंत नोंदणी अधिकाऱ्यास कळविणें १९८८ च्या कायद्याच्या ५५ व्या कलमानें त्याच्यावर बंधनकारक आहे. सांगाड्यावरचा चासीचा क्रमांक कापून चोरीच्या गाडीला चिकटविणारे लोक आहेत. आणि परिवहन कार्यालयांत नोंदणी रद्द होईपर्यंत एमएच १५ ची ती पाटी कागदोपत्रीं त्याच्याच नांवावर असते.