पोळ्याला भिलाईला या



भिलाईला येऊन गेलेले नातेवाईक मला आवर्जून सांगतात, "सगळं पाहिलं हं!" सगळं म्हणजे काय, तर मैत्रीबागेतला पांढरा वाघ, सेक्टर सहामधली देवळं, मशीद, गुरुद्वारा आणि सिव्हिक सेंटरला खाल्लेला डोसा. पोलाद कारखान्यात पासाशिवाय सोडत नाहीत, म्हणून तो बाहेरून. पंगतीत बसावं आणि नुसती कोशिंबीर खाऊन उत्तरापोशन घ्यावं, तसं हे झालं. कोशिंबीर वाईट नाही. मैत्रीबाग १९७२ सालची, भारत-सोव्हिएत मैत्रीची खूण म्हणून कारखान्यानं जोपासलेली; पोरं रमतात तिथे. पण अहो, वरणभात अजून वाढायचाय!

तो वाढला जातो पोळ्याला. म्हणून माझं एकच सांगणं आहे. मे महिन्याच्या सुटीत येऊ नका, पोळ्याला या. मे महिन्यात इथे वाघसुद्धा सावली सोडत नाही.

पोळ्याची अमावास्या आपली आणि छत्तीसगडची एकच. नागपूरकडे तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल, इथे मातीचा, चाकांवरचा नांदिया बैल. भिलाईतल्या पॉवर हाऊसच्या बाजारात तो मांडलेला असतो, शेजारी मुलींसाठी मातीची चूल, जातं, भांडीकुंडी. बैल घेताना चाक फिरवून बघा. आतली काडी नीट बसली नसेल तर बैल घरी पोचेपर्यंत लंगडतो. आणि घासाघीस करू नका, बरं दिसत नाही.

मग ठेठरी आणि खुरमी. ठेठरी बेसनाची. ओवा-मीठ घालून पीठ घट्ट मळायचं, पाटावर तळव्यानं लांब वळायचं, दुमडायचं आणि मंद तळायचं. माझी शेजारीण बोलता बोलता परातभर करते, माझी मात्र कढईत उलगडते. खुरमी कणीक-गुळाची, दाताला चांगलं काम देणारी. हॉटेलात मागाल तर वेटर तुमच्या तोंडाकडे बघत राहील. हे घरचं करणं आहे. ओळखीचं घर नसेल तर ओळख काढा. आपल्या लोकांना त्याचीच लाज वाटते. पण ताट घरीच वाढलं जातं, आणि पोळ्यालाच. परत सांगते, पोळ्याला!

आणि पोळ्याला आलात की लगेच पळू नका. तिसऱ्या दिवशी तीजा, म्हणजे आपली हरतालिका. लग्न झालेल्या लेकींना माहेरी आणायला भाऊ जातो. तीजेच्या आदल्या रात्री करूभात, म्हणजे कारल्याची भाजी आणि भात. बायका घरोघरी जाऊन तो खातात, कारण दुसऱ्या दिवशी पाण्याचा थेंबही घ्यायचा नसतो. प्रत्येक घरी दोन घास घ्यावेच लागतात, आणि प्रत्येक घरचं कारलं वेगळं. कुणाचं कुरकुरीत तळलेलं, कुणाचं रसाचं, आणि एखादीचं इतकं कडू की आग्रहाची शिक्षाच! तरी खायचं.

तुम्ही म्हणाल, "बाई, चौथ्या दिवशी आमच्या घरी गणपती बसतो." माहीत आहे. करूभात खा आणि सकाळची गाडी धरा. दुर्गहून नागपूर काही लांब नाही, संध्याकाळी मखराला हात लावाल.

हरेलीचं सांगायचंच होतं. आपली दिव्यांची अवस, तीच हरेली. नांगर, कुदळ धुऊन पुजतात, दाराला कडुनिंबाची डहाळी लावतात, पोरं गेडीवर, म्हणजे बांबूच्या उंच पायांवर, चढून चिखल तुडवतात. २६० मीटर लांबीचे रूळ बनवणारं हे शहर. पण भोवतालच्या गावांत त्या दिवशी लोहार दारोदार जाऊन चौकटीला एक खिळा ठोकून जातो. त्या खिळ्याबद्दल मला... असो, स्टुडिओच्या काचेपलीकडून हात हलतोय, वेळ संपत आली.

महाभारताच्या कथा पंडवानीत गाणाऱ्या तीजनबाई सांगायच्या राहिल्या. इथल्याच गनियारीच्या, कारखान्यात नोकरी केलेल्या, २०१९ च्या पद्मविभूषण. त्यांच्या पंडवानीवर खरं तर वेगळंच बोलायला हवं. देवबलोद्याचं जुनं शिवमंदिरही राहिलं. तिथली जत्रा महाशिवरात्रीला. पण ते नंतर, आधी पोळा. भिंतीवरचं कालनिर्णय काढा, श्रावण अमावास्या बघा आणि तिकीट आजच काढून ठेवा. त्या दिवसांत गाडीत पाय ठेवायला जागा नसते, सगळ्या डब्यांतून माहेरवाशिणी आणि त्यांची पोरं.