फोटोत मागे उभी राहिलेली ताई

मी विश्रांतवाडीहून बोलतेय.

आमच्या गटाचा हिशेब लिहिणारी ताई दोन बैठकींना आली नाही. बचतीचे पैसे मात्र मुलीच्या हाती वेळेवर. घरी गेले, तेव्हा म्हणाली, "फोटो काढताना तुम्हीच म्हणालात ना, तू मागे राहा, आम्ही झाकल्या जाऊ?" हसणाऱ्यांत मीही होते.

थायरॉईड, बाळंतपण, काही औषधं यांनीही वजन वाढतं. जाड बाई आळशीच असते असं नाही. २०१६च्या ‘वजनदार’ चित्रपटासाठी सई ताम्हणकर, प्रिया बापट यांनी वजन वाढवलं, त्याचं कौतुक झालं. आपल्यातलीला मात्र टोमणे!

मी भर बैठकीत तिची माफी मागितली. तुमच्या गटात अशी कुणी यायची थांबली असेल, तर आजच तिच्या घरी जा.